ज्यू कोण, ज्यू होता येतं का, आणि मशीहाची वाट

शेवंती
बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, विषय निघाला की चर्चेला दर वेळी तीन फाटे फुटतात आणि एकही शेवटाला जात नाही. म्हणून वेगळा धागा काढते.

ज्यू हा धर्म, जात की वंश? बाहेरच्या माणसाला ज्यू होता येतं का, येत असेल तर नेमकं काय काय करावं लागतं? आणि मशीहा म्हणजे त्यांच्या मते कोण?

माझं मत आधीच मांडते. पहिले दोन प्रश्न कायद्याचे आहेत, तिसरा श्रद्धेचा. तिन्हींची सरमिसळ होते म्हणून गोंधळ होतो. पटत नसेल तर खोडून काढा, पण ऐकीव नको. ग्रंथाचा किंवा निकालाचा आधार द्या.

जुनी_वही
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ज्यू आईच्या पोटी जन्मलेला, किंवा रीतसर ज्यू झालेला, तो ज्यू. मिश्नात, म्हणजे जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, किद्दुशिन या भागात ३:१२ इथे आणि त्यावरच्या चर्चेत, म्हणजे तालमूदात, याचा आधार सापडतो. ज्यूपण आईकडून येतं, कुळ मात्र बापाकडून. बाप कोहेन (याजक घराण्यातला) तर मुलगा कोहेन, बाप लेवी (मंदिरसेवकांच्या कुळातला) तर मुलगा लेवी. अमेरिकेतल्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाने १९८३ साली ठराव करून ज्यू बापाच्या मुलांनाही ज्यू मानायला सुरुवात केली, पण त्यासाठी ते मूल ज्यू म्हणूनच वाढलेलं हवं. ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) आणि कॉन्झर्वेटिव्ह (मधल्या वाटेच्या) पंथांना हे मान्य नाही.

'धर्म' आणि 'जात' हे आपले दोन्ही शब्द इथे अपुरे पडतात. त्यातल्या त्यात जवळचा दाखला दत्तकविधानाचा. दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, नावापुढे नव्या बापाचं नाव लागतं. गेर, म्हणजे ज्यू झालेला माणूस, 'बेन अव्राहाम' होतो, अब्राहामाचा मुलगा. 'गेर नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा' हे तालमूदाचेच शब्द आहेत.

पिंपळपान
जन्माने ज्यू असलेल्याने दुसरा धर्म घेतला तर?

जुनी_वही
@पिंपळपान, धर्मशास्त्राप्रमाणे तो ज्यूच राहतो, चुकलेला ज्यू. इस्रायलचा कायदा मात्र वेगळं सांगतो. ब्रदर डॅनियल, मूळ नाव ओस्वाल्ड रुफायझेन, पोलंडचे जन्मजात ज्यू. महायुद्धात मीर गावच्या गेटोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, अनेकांचे जीव त्यांनी वाचवले, पुढे ते कॅथलिक होऊन कार्मेलाइट संन्यासी झाले. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहू देणाऱ्या 'परतीच्या कायद्या'खाली नागरिकत्व मागायला ते कोर्टात गेले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मशास्त्र काहीही म्हणो, या कायद्यातला 'ज्यू' हा शब्द साध्या लोकांच्या बोलण्यातल्या अर्थाने घ्यायचा आणि त्या अर्थात ख्रिस्ती संन्यासी बसत नाही. १९७० च्या दुरुस्तीत तीच व्याख्या लिहिली गेली: ज्यू आईचा किंवा ज्यू झालेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांना ज्यू नसतानाही येण्याचा हक्क त्याच दुरुस्तीने मिळाला.

१९८९ साली येशूला मशीहा मानणाऱ्या एका ज्यू जोडप्याचा अर्जही याच कलमावर फेटाळला गेला. शेवंतीताई, म्हणजे मशीहा कोण हा प्रश्न तिथे थेट नागरिकत्वाच्या फाइलीत येऊन बसला आहे. तुमची वाटणी इथेच ढासळते.

शेवंती
हा एक दाखला मान्य. पण तो राज्याच्या कायद्याचा झाला. शास्त्रात तसं दिसतं का?

अष्टागर
ते येईलच. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण याबद्दल चुकीचं फार लिहिलं जातं. 'ज्यू लोक कुणाला आत घेत नाहीत' हे खरं नाही. ते बोलावत नाहीत, आणि आलेल्याला आधी परत फिरवतात.

या प्रक्रियेला गियुर म्हणतात. तिचा गाभा तालमूदाच्या येवामोत या भागात ४७ व्या पानावर आहे. येणाऱ्याला पहिला प्रश्न: काय पाहून आलास? हल्ली इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, पिडलेला, रगडलेला आहे, हे तुला ठाऊक नाही का? तो म्हणाला, 'ठाऊक आहे, आणि माझी तेवढी लायकी नाही', तर त्याला लगेच स्वीकारायचं. मग काही हलक्या आज्ञा सांगायच्या, काही भारी. हलक्या-भारीत काय सांगायचं तेही लिहिलेलं आहे. शेतात सांडलेली कणसं, विसरलेली पेंढी, बांधाचा कोपरा हे गरिबाचं असतं, ते न सोडणं पाप आहे. देव कसा आहे वगैरे नंतर, आधी गरिबाचा वाटा. शेवटी सूचना आहे की फार लांबण लावू नये, फार बारीक कीस काढू नये.

प्रत्यक्षात आज हे असं होतं: रब्बीकडे (धर्मगुरूकडे) अर्ज, बहुधा एक-दोन वर्षांचा अभ्यास (प्रार्थना वाचण्यापुरतं हिब्रू, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, कोशेर म्हणजे खाण्याचे नियम पाळणारं स्वयंपाकघर, सणांचं वर्ष), आणि शक्य तर ज्यू वस्तीत राहणं. मग बेत दिन, म्हणजे धर्मन्यायालय. तीन दयान, म्हणजे न्यायाधीश, लागतातच. एकटा रब्बी किंवा सिनेगॉगचा हझान (प्रार्थना गाणारा) गियुर देऊ शकत नाही. पुरुषाची सुंता. ती आधीच झालेली असेल तर त्या जागी सुईने एक थेंब रक्त काढतात. जखम पूर्ण भरल्यावर मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी. बाईला फक्त बुडी.

धडपड्या
मिक्वेबद्दल मी लिहितो, कारण बरंच काही तिथे अडतं.

पाणी किमान ४० सेआ (जुनं माप). आजच्या मापात किती, यावर मतं दोन: कमीत कमी धरली तर साधारण ३३२ लिटर, कडक मताने ५७५ च्या आसपास. बांधणारे त्याहून बरंच जास्त ठेवतात, म्हणजे वाद नको. पाणी आपसूक साठलेलं हवं: पावसाचं, झऱ्याचं, नदीचं, समुद्राचं. बादलीने ओतलेलं नाही. कुंड भरायच्या आत त्यात तीन लोग, म्हणजे जेमतेम लिटरभर ओतलेलं पाणी पडलं तरी सगळं बाद, उपसून पुन्हा सुरुवात. म्हणून शहरात दोन कुंडं असतात. एकात पन्हाळीतून पावसाचं पाणी येतं, दुसऱ्यात नळाचं कोमट पाणी. मधल्या भिंतीला दोन बोटं फिरतील एवढं भोक. त्या भोकातून पाण्याला पाणी टेकलं की नळाचं पाणीही ग्राह्य. भोक गाळाने बुजलं तर मिक्वे बाद, त्यामुळे ते वरचेवर तपासतात.

बुडी मारणाऱ्याच्या अंगाला सगळीकडे पाणी लागलं पाहिजे. अंगठी, नेलपॉलिश, चिकटपट्टी, डोळ्यातली लेन्स, नखातली कणीक, केसाची गाठ, सगळं आधी काढायचं. एक केस वर तरंगला तरी बुडी पुन्हा.

बाईच्या वेळी आत बायकाच असतात. दयान दाराबाहेर थांबतात, किंवा ती मानेपर्यंत पाण्यात, सैल वस्त्रात असताना तेवढ्यापुरते समोर येतात. इतर वेळी आशीर्वाद कृतीच्या आधी म्हणतात, गियुरमध्ये मात्र बुडी आधी. 'ज्याने आम्हाला आज्ञा दिली' हे वाक्य बुडीच्या आधी त्याच्या तोंडी खरं नसतं. पाण्यातून वर आल्यावर खरं होतं. मग तो आशीर्वाद म्हणतो.

मृदगंध
हे शेवटचं फार आवडलं. एका बुडीच्या अंतरात 'आम्हाला' हा शब्द खरा होतो!

काजवा
लग्नासाठी ज्यू झाले तर चालतं का? बहुतेक विचारणारे त्यासाठीच विचारतात.

अष्टागर
@काजवा, मुळात नको, पण झालंच तर वैध. येवामोत २४ मध्ये दोन्ही बाजू आहेत. आधीचं मत: लग्नासाठी, श्रीमंतीसाठी, भीतीपोटी आलेला गेर नव्हेच. निकाल मात्र उलटा, की तेही गेरच. म्हणून शहाणे दयान आधी हेतू खणून काढतात, नंतर संशय घेत नाहीत. लग्न ठरवण्याआधी आणखी दोन गोष्टी. ज्यू झालेल्या बाईला कोहेनशी लग्न करता येत नाही, मग प्रेम कितीही जुनं असो. आणि नवरा-बायको दोघं मिळून ज्यू झाले तर ९० दिवस वेगळं राहून पुन्हा लग्न लावतात, म्हणजे मूल आधीचं की नंतरचं यात शंका उरत नाही. बाई गरोदर असताना बुडी झाली तर पोटातल्या बाळाला वेगळी लागत नाही. लहानपणी ज्यू केलेल्या मुलाला जाणत्या वयात (मुलगी १२, मुलगा १३) नको म्हणायचा हक्क असतो.

आणि शेवंतीताई, तुम्ही मागितलेला आधार त्याच पानावर आहे. 'मशीहाच्या दिवसांत गेर स्वीकारायचे नाहीत. दावीद आणि शलमोनाच्या काळातही स्वीकारले नव्हते.' कारण तेव्हा राज्य असेल, वैभव असेल, लोक त्यासाठी येतील. म्हणजे ज्यू व्हायचं ते मशीहा यायच्या आधी, काही मिळण्यासारखं नसताना.

काजवा
पण कुठल्या पंथाकडून झालं याने फरक पडतोच ना? प्रमाणपत्र घेऊन इस्रायलला गेलेल्यांची अडचण होते असं वाचतो.

जुनी_वही
पडतो, आणि हे आधी कळलं नाही तर माणसं होरपळतात. तिथे दोन दारं आहेत. नागरिकत्वाचं दार गृहखात्याकडे. परदेशातलं रिफॉर्म किंवा कॉन्झर्वेटिव्ह गियुर तिथे चालतं, आणि १ मार्च २०२१ च्या निकालानंतर इस्रायलमध्येच केलेलंही. लग्नाचं दार मुख्य रब्बिनातकडे, म्हणजे इस्रायलच्या सरकारमान्य धर्मपीठाकडे, तिथे यातलं काहीच चालत नाही. ऑर्थोडॉक्स असलं तरी ते बेत दिन त्यांच्या मान्य यादीत लागतं. एकच माणूस एका खिडकीवर ज्यू, दुसरीवर नाही. म्हणून अर्ज करण्याआधी तुमच्या बेत दिनाची सही कोण मानतं, हे लेखी विचारून घ्यावं.

मला हे फार अन्यायाचं वाटतं. ज्या शास्त्राने 'गेरला छळू नका' हे तोरात (मोशेच्या पाच पुस्तकांत) ३६ ठिकाणी, काहींच्या मते ४६ ठिकाणी सांगितलं असं मोजून ठेवलं आहे, त्याच शास्त्राच्या नावाने हे चालतं.

किनारा
@जुनी_वही, थोडी असहमती. ज्याला आज्ञा पाळण्याची अट मान्य नाही त्याच्या सहीवर दुसऱ्या रब्बीने लग्न लावावं, हा आग्रह कसा धरणार? आज्ञा पाळण्याची कबुली हा गियुरचा कणा आहे. तोच वगळला तर सहीला अर्थ काय उरला?

अन्याय कुठे झाला ते मात्र सांगतो, आणि तो आपल्या कोकणातल्या माणसांवर झाला. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', रोहेकर-पेणकर-दिवेकर-किहीमकर ही गावावरून आडनावं, हे बहुतेकांना माहीत आहे. लेखी परंपरा त्यांच्याजवळ उरली नव्हती. उरलं ते शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना. बाराव्या शतकाच्या अखेरीस रांबामने, म्हणजे धर्मशास्त्रकार मायमोनिदीसने, हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दल एका पत्रात नेमकं हेच लिहिलं होतं: तोरा माहीत नाही, शब्बाथ आणि सुंता तेवढी पाळतात.

१९५० च्या दशकात ही मंडळी इस्रायलला गेली. १९६१ साली रब्बिनातच्या परिषदेने त्यांच्याशी लग्नं करायला हरकत नाही असं ठरवलं, पण १९६२ च्या सूचनांमध्ये मेख होती. अर्जदाराच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची. सबब अशी की कोकणात शास्त्रशुद्ध घटस्फोटपत्र आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मोकळं करण्याचा विधी माहीत नव्हता, मग मधल्या पिढ्यांत एखादं लग्न निषिद्ध झालं असेल. यावर उत्तर सोपं होतं: आसपासच्या कोकणी समाजासारखंच यांच्यातही काडीमोड आणि विधवेचं दुसरं लग्न विरळा. ऑगस्ट १९६४ पर्यंत जेरुसलेममध्ये धरणी धरली गेली. क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, खास बैठक घेतली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं सांगितलं. महिनाअखेर रब्बिनातने सूचनांतून 'बेने इस्राएल' हे नाव काढलं.

शेवंती
एक बोचणारी गोष्ट मीच मांडते. 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद कोकणात बेने इस्राएलांनी स्वतःही पाळला होता. बाहेरच्या बाईच्या पोटची संतती ती काळी, तिच्याशी बेटीव्यवहार नाही. म्हणजे आजीची चौकशी त्यांच्यावर बाहेरूनच लादली गेली, असं नाही.

किनारा
खरं आहे. लपवण्यासारखं नाही, आणि लपवूही नये.

मृदगंध
आता जनुकीय चाचणी आहे ना? २०१६ च्या अभ्यासात बेने इस्राएलांत ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे दिसले होते.

जुनी_वही
दिसले, आणि त्याचा आनंदच आहे. पण बेत दिनापुढे प्रश्न रक्ताचा नसतो. गेरच्या अंगात अब्राहामाचा एकही थेंब नसतो आणि तरी तो पुरा ज्यू. चाचणीने इतिहास कळतो, दर्जा ठरत नाही.

पिंपळपान
तिसरा प्रश्न राहिला. मशीहा?

अष्टागर
शब्दापासून सुरुवात. माशिआख म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. राजा, मुख्य याजक, हे सगळे माशिआख. यशयाच्या ४५ व्या अध्यायात इराणचा राजा कोरेश यालाही हाच शब्द लावलाय आणि तो ज्यू नव्हता. देवाचा अवतार, पाप धुणारा तारणारा, हा अर्थ मूळ शब्दात नाही. आपल्याकडे ख्रिस्ती पुस्तकांतून हा शब्द आला म्हणून तो अर्थ आपोआप डोक्यात येतो.

रांबामने 'मिश्ने तोरा'च्या शेवटी (राजांचे नियम, अध्याय ११ आणि १२) जवळजवळ तपासणीची यादीच दिली आहे. दावीदाच्या घराण्यातला राजा, तोराचा अभ्यास करणारा, लोकांना तिच्या वाटेवर आणणारा, देवाच्या लढाया लढणारा: एवढं झालं तर तो मशीहा असल्याचं गृहीत धरायचं. जेरुसलेमचं मंदिर जागेवर बांधलं आणि पांगलेले इस्राएल गोळा केले तर नक्की. जमलं नाही किंवा मारला गेला, तर तो नव्हे. चमत्कार मागायचे नाहीत. दाखला रब्बी अकिवांचा: एवढा मोठा विद्वान, पण रोमविरुद्धच्या १३२ ते १३५ च्या उठावात बार कोखबाला मशीहा समजला. तो मारला गेला तेव्हा कळलं की नव्हता. जग आपल्या चालीनेच चालेल, असं रांबाम सांगतो. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील हा दृष्टान्त समजायचा.

धडपड्या
आणि तारीख काढायची नाही. 'अंताचा हिशेब मांडणाऱ्यांची हाडं झिजोत' असा शाप तालमूदात (सान्हेद्रिन ९७) आहे. कारण हिशेब चुकला की लोक श्रद्धाच सोडतात. इझमीरच्या शब्बताय झ्वीने हेच केलं. १६६५ साली गाझाच्या नाथानने त्याला मशीहा जाहीर केलं. व्यापाऱ्यांनी दुकानं मोडली, घरं विकली, मंदिरनाशाचा उपास मेजवानीचा दिवस झाला. सप्टेंबर १६६६ मध्ये तुर्की सुलतानासमोर उभा केल्यावर त्याने पगडी बांधून इस्लाम स्वीकारला. घरं विकून बसलेल्यांचं काय झालं असेल, हा विचार मनातून जात नाही.

मृदगंध
त्याच सान्हेद्रिनमध्ये माझं आवडतं पान आहे, ९८ वं. मशीहा रोमच्या वेशीवर महारोग्यांत बसला आहे. बाकीचे सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि बांधतात. तो एकेक सोडतो, एकेक बांधतो. बोलावणं आलं तर उशीर नको.

किनारा
शेवंतीताई, आता तुमची वाटणी पूर्ण मोडतो. मशीहा दावीदाच्या घराण्यातला. दावीदाची पणजी कोण? रूथ, मवाबी. तोरातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, मवाब्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. तीच रूथ सासूला म्हणते, 'तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव', बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि ओबेद, इशाय, दावीद अशी ओळ सुरू होते. अष्टागरांनी वर सांगितलेली ती सांडलेली कणसं आठवा. येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ज्या कणसांबद्दल बजावतात, तीच वेचून रूथ जगली.

येवामोत ७६-७७ मध्ये शौल राजाचा माणूस दवेग भर सभेत प्रश्न काढतो: हा दावीद राजा व्हायला लायक आहे का ते सोडा, मंडळीत यायला तरी आहे का? पणजी मवाबी! उत्तर मिळतं: निषेध मवाबी पुरुषाचा, बाईचा नव्हे. मवाबचा दोष हा की वाळवंटातून आलेल्या इस्राएलांना त्यांनी अन्नपाणी दिलं नाही, आणि अन्नपाणी घेऊन सामोरं जायला हवं होतं ते पुरुषांनी, बायकांनी नव्हे. म्हणजे १९६२ साली विचारला तोच प्रश्न दावीदालाही विचारला गेला होता.

शेवंती
वाटणी मागे घेते. एक शेवटची शंका: मशीहाच्या आधी एलीया संदेष्टा येणार असं मलाखीच्या ग्रंथात आहे, आणि बेने इस्राएल तर त्याला, म्हणजे एलियाहू हन्नबीला, घरचाच मानतात. त्याचा या चौकशीशी काही संबंध?

अष्टागर
थेट संबंध आहे. मिश्नात एदुयोत ८:७: एलीया घराणी शुद्ध-अशुद्ध ठरवायला येत नाही. ज्यांना जबरदस्तीने दूर ढकललं त्यांना जवळ आणायला आणि ज्यांना जबरदस्तीने आत घुसवलं तेवढ्यांना दूर करायला येतो. तिथलंच आणखी एक मत असं की कुणालाही दूर करायला नाही, फक्त जगात शांती करायला.

किद्दुशिन ७१ मध्ये रब्बी योहानान शपथ घेऊन म्हणतात, कोणती घराणी मिसळली आहेत ते उघड करणं माझ्या हातात आहे. पण काय करू, या पिढीतली थोर माणसं त्यांच्यातच आहेत. मिसळलं ते मिसळलं.

काजवा
एलियाहूचा विषय निघालाय तर त्याच्या नावाने करतात त्या मलिद्याची, पोह्यांच्या नैवेद्याची, रीत सांगा. पोह्यांचा लगदा का होतो?

धडपड्या
पोहे भिजत ठेवले की होतो. जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळू द्यायचे. त्यात ओला नारळ, वेलची, बदाम-मनुका. गूळ अगदी शेवटी, त्याला पाणी सुटतं. तबकात मध्ये मलिदा, भोवती पाच प्रकारची फळं. झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, जमिनीवरच्यांचा वेगळा. केळं जमिनीच्या बाजूला धरतात, कारण केळीचं खोड घड देऊन मरतं, ते झाड नव्हे. नवस फेडताना, लग्नाआधी, सुंतेला करतात, आणि तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, जो इथे एलियाहू हन्नबीचा उरूस असतो. अलिबागजवळ एलियाहूचा टापा, म्हणजे त्याच्या घोड्यांच्या टापांची मानलेली खूण, आहे, तिथेही तबक घेऊन जातात.